न चाखता

१८ ऑगस्ट, सोमवार

ताप उतरला, कामावर आलो, वाटलं सुटलो. आज दुपारी लसणाची फोडणी माझ्या नाकाखाली करपली. संतोष पलीकडून ओरडला, "भाऊ, जळतंय." तवा माझ्यासमोर, झारा माझ्या हातात, आणि सांगायला तो लागला. माझ्यानंतर स्वयंपाकघर तोच बघतो, म्हणून त्याचं लक्ष असतं.

हाताखालची पोरं गेल्यावर कालवणाचा थेंब तळहातावर घेऊन चाटला. जीभ भाजली, म्हणजे तिखट आहे. पुढे काही नाही. मग मिठाचा खडा ठेवून बघितला. खडा आहे एवढंच कळलं.

सर्दी असेल.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी टाकून रत्नागिरीला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे. तापाने वासाची नस दुखावली म्हणाले, जिभेवरही परिणाम. येईल का? "बहुतेकांची येते." कधी? त्यावर हसले नुसते. सकाळ-संध्याकाळ चार वास घ्यायचे, डोळे मिटून, आठवत आठवत: लवंग, निलगिरी, लिंबू, गुलाब. मी काय काम करतो ते विचारलं. हॉटेलात आहे म्हटलं. आचारी आहे हे तोंडातून निघालं नाही.

हॉटेलवर परतताना आमच्या गणपतीपुळ्याच्या देवळात गेलो. आजवर देवाकडे स्वतःसाठी मागायची सवय नाही. आजही मागितलं नाही. पण उभा राहिलो जास्त वेळ, ते त्याला कळलंच असणार.

२४ ऑगस्ट, रविवार

ल-नि-लिं-गु: शून्य.

घरून दादाचा फोन. अंगणात शेवाळावरून वहिनी घसरली, उजवा हात प्लास्टरात. घरचा गणपती गौरींबरोबर जाणारा, सात दिवस पै-पाहुणे. सुमती एकटी किती करणार? माझी बायको आणि वहिनी, दोघींच्या जिवावर तो सण चालतो. मी दर वर्षी चतुर्थीला सकाळी पोचतो आणि दुसऱ्या दिवशी परत. लोकांच्या सुट्ट्या हा आमचा हंगाम.

संतोषला विचारलं. त्याच्याही घरी गणपती, दापोलीकडे. तो कढई घासत होता, मान वर न करता म्हणाला, "तुम्ही जा. आमच्याकडे भाऊ आहे. पण दिवाळी माझी. पोरीची पहिली दिवाळी आहे, भाऊ, तेव्हा मागे फिरायचं नाही."

शब्द दिला.

२७ ऑगस्ट, बुधवार, चतुर्थी

घरी. पाऊस आहे. मूर्ती डोक्यावरून आणली, दादाने पूजा सांगितली तशी केली. कापूर पेटला तो दिसला. इतकंच. दूर्वा, केवडा, अगरबत्ती, ओलं घर, सगळं काचेपलीकडे ठेवल्यासारखं.

सुमतीने उकड काढली, मी मोदक वळले. कळ्या सरळ आल्या. पंगतीत सगळे म्हणाले, हॉटेलवाल्याचा हात. मी दोन खाल्ले. ऊन आणि मऊ, एवढं सांगू शकतो.

सुमतीने विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" म्हटलं झोप झाली नाही.

१ सप्टेंबर, सोमवार, गौरीजेवण

हे सविस्तर लिहून ठेवतो.

सुमती सकाळीच बाजूला बसली. वहिनीचा हात गळ्यात. म्हणजे गौरीचा नैवेद्य माझ्यावर आला. आंघोळ करून धूतवस्त्र नेसून चुलीशी बसलो. वहिनी उंबऱ्याजवळ पाटावर, सांगायला. घावन जमले. मग घाटलं: नारळाचं दूध, गूळ, तांदळाचं पीठ, वेलची. ढवळत होतो. घट्ट होत आलं. आणि डावा तळहात आपोआप पुढे आला, पळी त्यावर टेकली, जीभ लागली.

मुंबईला खानावळीत भांडी घासत होतो तेव्हापासूनची सवय. तिथे वस्ताद सांगायचा, न चाखता भांडं चुलीवरून उतरवलंस तर तुला उतरवीन. इतकी वर्षं हात तेच करतोय. घरचा नैवेद्य कधी मी केलाच नव्हता, म्हणून हे कधी आडवं आलं नाही.

वहिनी म्हणाली, "भावजी." मग पळीकडे बघत, "निवद आहे तो."

बाहेर भटजी आलेले. दादा आरतीचं ताट लावत होता. माझ्या हातातली पळी तशीच.

मी म्हटलं, "वहिनी, मला काही लागलंच नाही."

तिला वाटलं मी सारवासारव करतोय. तोंड कडक झालं तिचं. मग सांगितलं सगळं. ताप, करपलेला लसूण, डॉक्टर, लवंगा. हळू आवाजात, धोतराच्या सोग्याने घाम पुसत. घरात पहिल्यांदा कोणाला सांगितलं ते तिला, आणि तेही असं पकडलं गेल्यावर.

वहिनी पातेल्याकडे बघत राहिली. म्हणाली, "चव कळली नाय ना तुम्हाला?"

"नाही."

"मग उष्टा कसा झाला तो?"

तिने मनापासून म्हटलं. माझ्यासाठी वाट काढली तिने. पण जीभ लागली होती, हे मला माहीत आणि त्याला माहीत. पातेलं बाजूला ठेवलं, पोरांना होईल म्हणून, आणि दुसरा नारळ घेतला. वहिनीने डाव्या हाताने खवणी माझ्याकडे सरकवली. बाहेर दादाने दोनदा विचारलं, झालं काय रे. वहिनीनेच उत्तर दिलं, "दूध फाटला. परत करतायत." देवाच्या दिवशी ती माझ्यासाठी खोटं बोलली.

दुसऱ्यांदा करायला बसलो. विचारलं, तुम्ही कसं करता न चाखता? म्हणाली, "मीठ घालताना बोलायचं नाय. बोललं की दोनदा पडतं, नायतर राहतं. आणि घातलं की डबा लगेच जाग्यावर. डबा वर दिसला म्हणजे घालायचं राहिलंय."

एवढंच. मी काहीतरी मोठं ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने बसलो होतो.

बोललो नाही. चिमूटभर मीठ घाटल्यात, डबा फळीवर. गूळ डोळ्यांनी, रंग बघून. गौरीपुढे पान ठेवलं तेव्हा तिच्याकडे बघवेना.

पंगतीत दादाने घाटलं परत मागून घेतलं. वहिनी डाव्या हाताने सावकाश जेवत होती. वाटी पुसून खाल्ली तिने. माझ्याकडे बघितलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन. विहिरीपर्यंत चिखल. सुमतीला वहिनीने सांगितलेलं दिसतं. निघताना ती म्हणाली, "अण्णांना सांगून टाका." अण्णा म्हणजे आमचे मालक. सांगून काय टाकू? जीभ नसलेला आचारी म्हणजे हात नसलेला गवंडी. पन्नाशीला आलेला माणूस दुसरं काय शिकणार.

ल. शून्य. बाकीचे घेतले नाहीत.

१० सप्टेंबर, बुधवार

हॉटेल. वहिनीसारखं करतोय. मीठ घालताना गप्प. डबा जाग्यावर. कोणी बोलायला आलं तर हात वर करून थांबवतो. भांडी घासणाऱ्या बायका म्हणतात, भाऊंनी गणपतीत मौन धरलंय वाटतं. संतोष हसला त्यांच्याबरोबर, पण जरा उशिरा.

तळहात अजून पुढे येतो. चाखल्यासारखं करतो, मान हलवतो. नाटक. प्रत्येक पातेल्याला एक खोटं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नवरात्र. गर्दी बरी. एकही ताट परत आलं नाही. एका बाईंनी साबुदाण्याचं कौतुक केलं, मी नमस्कार केला, आणि आत येऊन ओट्याला धरून उभा राहिलो.

सकाळी देवळामागच्या टेकडीची प्रदक्षिणा घातली. आज मात्र मागितलं. स्पष्ट शब्दांत. नंतर लाज वाटली आणि हलकंही वाटलं.

ल-नि-लिं-गु: शून्य. निलगिरी नाकात थंड लागते, पण तो वास नव्हे.

११ ऑक्टोबर, शनिवार

अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत खोल्या भरल्या. कोणालाही सुट्टी नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "संतोषला तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल तो. दिवाळीनंतर जा म्हणावं, चार दिवस जास्त देऊ."

आयतं हातात आलं. संतोष थांबला तर माझं पाठीमागचं कोणी बघणारं राहील. मला खात्री आहे, मी वळलो की तो चाखतो आणि कमीजास्त करतो. मी कधी पकडलं नाही, पण ताटं परत येत नाहीत ती काय माझ्या पुण्याईने? आणि मला काही करायचंही नाही. अण्णांचा हुकूम आहे, एवढं म्हणायचं.

जेवण गेलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस संतोषला सांगितलं नाही. आज तो पोरीचा फोटो दाखवत होता. झबलं शिवलंय मोत्यांच्या टिकल्यांचं. म्हणाला, अभ्यंगाला घालायचं.

संध्याकाळी अण्णांकडे गेलो. म्हटलं, मी शब्द दिलाय, तो गणपतीला माझ्यासाठी थांबला होता. अण्णा चिडले. "मग एकट्याने ओढाल? हंगामाला काही कमी पडलं तर मी तुम्हाला विचारणार, त्याला नाही."

मला विचारा, म्हटलं.

बाहेर आल्यावर पाय हलके झाले नाहीत. उलट.

१८ ऑक्टोबर, शनिवार

संतोष गेला. पिशवी खांद्यावर, एसटीची वेळ झालेली, तरी मागच्या दारात घोटाळत होता. मग म्हणाला, "भाऊ, मी थांबू का?"

"का रे?"

"तुम्हाला चव नाही म्हणून."

माझ्या हातात कोथिंबीर होती. ती निवडत राहिलो. कधीपासून माहीत आहे विचारलं.

"लसूण जळला त्या दिवसापासून. मीठ घालताना मुके होता, मी काय आंधळा आहे?"

"मग माझ्यामागून तू टाकत होतास ना?"

"रोज चाखत होतो. टाकलं दोनदा. बाकी हात लावला नाही."

"दोनदा कधी?"

"ते नाही सांगत. सांगितलं तर त्याच पातेल्यात तुमचा जीव अडकेल." मग चपला घालत, "अण्णांना नाही सांगितलं मी. ते तुमचं तुम्ही."

म्हटलं, जा, एसटी जाईल. गेला.

मागे फिरला असता तर मी त्याला ठेवून घेतलं असतं का, ते माहीत नाही. मनात आलं ते लिहितो: त्याने ते दोन दिवस सांगितले असते तर बरं झालं असतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

काल अभ्यंगस्नान मागच्या नळावर. उटणं चोळलं, माती चोळल्यासारखं. पहाटेपासून नाश्त्याची धावपळ. सुमतीने कंडक्टरच्या हाती चिवडा-करंज्या पाठवल्या. पोरांनी उभ्याउभ्या खाल्ल्या, एक हात झाऱ्यावर. आमची दिवाळी अशीच. बाहेर लोक फटाके लावतात तेव्हा आत आम्हाला तेलाचा आवाज ऐकू यावा म्हणून खिडकी लावून घेतो.

आज संध्याकाळी गल्ल्याची पूजा, अण्णांनी सगळ्यांना बत्तासे दिले. ताटं रिकामी येतायत. मी प्रत्येक परतलेलं ताट बघतो. सुरमईचा काटा, भाताची शितं. कोणी किती टाकलं. त्यावरून माझं मीठ ओळखायचं.

अजून तरी चाललंय. मला वाटू लागलं की असंच चालेल.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

सकाळी सुमती एसटीने आली. मी येऊ शकत नाही म्हणून तीच आली. मागच्या दारात ओवाळलं, अंगात ॲप्रन तसाच. नणंदेसारख्या थट्टा करतात त्या भांडीवाल्या बायका, म्हणाल्या, वहिनी, पान वाढू काय नवऱ्याचं? सुमती लाजली. मला विचारलं, काही फरक? मान हलवली. ती परतली.

दुपारी पूर्ण गर्दीत अण्णा आत आले, हातात सोलकढीचा पेला. "बघा हो जरा. मला एकट्यालाच आंबूस लागतंय का?"

ऑक्टोबरचं ऊन. नारळाचं दूध सकाळी काढलेलं. फ्रिजमध्ये ठेवायला मी सांगितलं होतं, ठेवलं की नाही बघितलं नव्हतं. आणि नंतर आमसुलाचं आगळ त्यात मीच घातलं. पातेल्यावर वाकून. ज्याला नाक आहे त्याला वाकायचीही गरज पडली नसती.

पेला घेतला. ओठाला लावला. सगळे बघत होते असं नाही, प्रत्येकजण आपल्या कामात. फक्त अण्णा. मान हलवून "ठीक आहे" म्हणायची सवय इतक्या दिवसांत मुरलेली. तोंडावर आलंच होतं.

बाहेर पंगत भरलेली. पोरंबाळं.

म्हटलं, "मला सांगता येत नाही, अण्णा."

"म्हणजे?"

"मला चव नाही. वासही नाही. तापापासून."

अण्णांना आधी समजलं नाही. मग समजलं. मी पातेलं उचलून मोरीत ओतलं. बाहेर दोन टेबलांवर गेली होती सोलकढी, ती स्वतः जाऊन उचलली, हात जोडले, बिघडलीय म्हणून सांगितलं. एका आजोबांनी निम्मी प्यायली होती. संध्याकाळपर्यंत त्यांच्या खोलीकडे बघत होतो. गच्चीवर फिरताना दिसले, तेव्हा बसलो.

अण्णा गल्ल्यावर जाऊन बसले, परत आत आले नाहीत.

वहिनीची युक्ती मिठाला पुरते. घरात नारळ आत्ता फोडलेला असतो, आत्ता शिजवलेला असतो, म्हणून न चाखता चालतं. इथे फ्रिज आहे, उरलेलं आहे, कालची मासळी आहे. हे मला आधी कळायला हवं होतं. कळलंही असेल. बघायचं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

अण्णांनी स्वतः स्वयंपाकघरात खुर्ची टाकली. प्रत्येक पातेलं चाखतात, मान हलवतात, पुढचं. मला एक शब्द नाही. पोरांना कळलंय, तीही हळू बोलतात. मी मीठ घालतो, डबा ठेवतो, अण्णा चाखतात. आज एकदाही मीठ मागितलं नाही त्यांनी. पण ते मोजायचं हे ठिकाण नव्हे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

संतोष आला. पोरीला झबलं घट्ट झालं म्हणे, तरी घातलं. अण्णांनी त्याला आत बोलावून घेतलं. दार लोटलेलं. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता कांदे घेऊन बसला.

"काय म्हणाले?"

"विचारत होते, मला जमेल का सगळं."

"मग?"

"म्हटलं, जमेल. खोटं कशाला बोलू." पुढचा कांदा घेत, "भाऊ असले शेजारी तर, असंही म्हटलं. ते ऐकलं की नाही माहीत नाही."

कांदे दोघांनी चिरले. डोळ्यांतून पाणी आलं. कांदा वास नसला तरी लागतो, हे बरं आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ल-नि-लिं-गु: शून्य. डॉक्टरांना फोन केला. चालू ठेवा म्हणाले.

दुपारी अण्णांनी थांबवलं. "रविवारी आमच्याकडे तुळशीचं लग्न. ही पुण्याला मुलीकडे बाळंतपणाला गेलीय. घरचं नैवेद्याचं पान तुम्ही करा."

मी म्हटलं, संतोष…

"संतोषला नाही म्हटलं मी. तुम्ही." आणि जाताना, "सोमवारी बसू. हंगामाचं बोलायचंय."

परीक्षा आहे, की जाता जाता मान दिला, की दुसरं कोणी मोकळं नाही म्हणून? चेहऱ्यावरून कळलं नाही. सुमतीला फोनवर सांगितलं, ती म्हणाली देवाचं काम आहे, बाकी कशाला बघता. ती बरोबर आहे. मी बघतोय.

२ नोव्हेंबर, रविवार, तुळशीचं लग्न

पहाटे लवंग घेतली, डोळे मिटून. त्याबद्दल आज लिहीत नाही. उद्या परत तसंच झालं तर लिहीन.

दुपारपासून अण्णांच्या घरी. नारळ माझ्यासमोर फोडून घेतले, दूध मी काढलं, लगेच चुलीवर. भाजी सकाळी आणलेली, डाळ नवी. शिळं काही नाही. वरण, भात, बटाट्याची भाजी, घाटलं. अण्णा दारात उभे, हाताची घडी घालून. हॉटेलात खुर्ची टाकून बसतात तसे नाही. इथे त्यांनाही चाखता येत नव्हतं. घाटलं घट्ट होत आलं तेव्हा माझा डावा तळहात पुढे आला. त्यांनी बघितलं. मी तो कपाळाला लावला आणि परत खाली घेतला.

मीठ घालताना बोललो नाही. डबा जाग्यावर.

अंगणात ऊस बांधलेले, चिंचा-आवळे, अंतरपाट. मंगलाष्टकं झाली, पान तुळशीपुढे ठेवलं, पाणी फिरवलं. मग घरचे बसले. अण्णांनी आग्रह केला म्हणून मीही थांबलो, भिंतीला टेकून उभा. वाढणारी मुलगी पुढे सरकत गेली.

अण्णांनी पानाबाहेर चित्राहुती घातल्या, घाटल्याची वाटी उचलली. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. तुळशीपाशी पणती फडफडत होती, तिला वारा लागतोय म्हणून जाऊन तिच्या पुढे हात धरला, आणि तसाच उभा राहिलो.